टॅबलेटची करंगळी

आमच्या ऑफिसातल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात फक्त चार्जर आहेत. फोन, प्रिंटर, बारकोड वाचणारं यंत्र, जे जे इथून गेलं त्याचा चार्जर मागे राहिला आणि कधीतरी लागेल म्हणून कोणी तो टाकला नाही. किश्श्यांचंही असंच होतं. वस्तू जाते, ती कशासाठी घेतली होती हेही लोक विसरतात. पण तिच्यावरून कोणीतरी बोललेलं एखादं वाक्य खणात पडून राहतं. परवा तो खण उघडेचना, इतका भरला आहे! तेव्हा थोडा रिकामा करते.

आधी माणसं सांगते. फार नाहीत. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या बाहेर आमचं हळदीचं प्रतवारी केंद्र आहे. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी आहे आणि तिचे अध्यक्ष आहेत अण्णा. दत्ता गावोगाव फिरून हळद केंद्रावर आणतो. गंगामावशी साखऱ्याहून येतात, शेडमध्ये पाटावर बसून प्रत्येक पोत्यातली हळकुंडं मोडून पाहतात आणि दर्जा ठरवतात. मी विद्यापीठात हळद शिजवण्याच्या तापमानावर प्रबंध लिहिला, म्हणून माझ्याकडे गुणवत्तेची जबाबदारी आहे. आणि आमच्यात एक टॅबलेट आहे. मोडलेल्या हळकुंडाचा फोटो आणि दर्जा त्यात भरला की दूरचा खरेदीदार तो पाहतो आणि पोत्यावर लावायची चिठ्ठी छापून येते. चिठ्ठीवर शेवटची ओळ असते, “प्रतवारी: गंगाबाई, साखरा”.

मावशींनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतातली हळद काढली, शिजवली, वाळवली. त्यांचं नाव छापलेलं मी तरी या चिठ्ठीखेरीज कुठे पाहिलेलं नाही.

* * *

टॅबलेट आला तेव्हा पहिले दोन दिवस त्याने मावशींना दादच दिली नाही. त्यांच्या बोटांची कातडी जाड, वर हळदीची पूड. त्या दाबत, पुसत, पुन्हा दाबत, पडदा ढिम्म. मी टॅबलेटवर लिहायचा पेन मागवला. तो तिसऱ्या दिवशी हळदीच्या एका पोत्यात गेला आणि बहुधा खरेदीदारापर्यंत पोचला. त्यांनी काही कळवलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर मावशी वाळवणीच्या ओट्यावर बसलेल्या. डाव्या हाताची चार बोटं मुडपलेली, करंगळी तेवढी उन्हात. शेजारी पिळलेलं अर्धं लिंबू. हळदीचा रंग उन्हाने उडतो, हे मी प्रबंधात सात पानांत सिद्ध केलं होतं. मावशींनी ते अर्ध्या दिवसात केलं!

तेव्हापासून ती करंगळी त्यांनी हळदीला लागू दिली नाही. हळकुंड मोडताना ती ताठ उभी. हंगामात दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होतात आणि त्यात ते एक बोट गव्हाळ, अलगद. टॅबलेटला फक्त तेच लागतं.

दत्ताने एकदा चिडवलं, “मावशी, चौघी कामाला अन् ही एकटीच काहून बसून ऱ्हायली?”

“ती शिकलेली हाय,” मावशी म्हणाल्या. “ती हळदीत हात घालत न्हाई!”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी हळदीत हात घालते.

* * *

आता दत्ता. जगात कोठेही नवा टॅबलेट निघाला की दत्ताला तो आधी कळतो. पडदा किती इंच, कॅमेरा कसा, वजन किती कमी झालं, सगळं तोंडपाठ. आम्ही आमचा टॅबलेट खोक्यातून काढत होतो तेव्हाच तो म्हणाला होता, “म्याडम, याचा पुढचा आला बी!” मी म्हटलं, “अरे, याच्यावरचं प्लास्टिक तर काढू दे!”

दर चार महिन्यांनी तो हेच सांगत येतो. स्वर असा, की ऐकणाऱ्याला आपण दगडाच्या पाटीवर लिहीत आहोत असं वाटावं.

एकदा अण्णांनी विचारलं, “दत्ता, तुझा सोताचा फोन दाखव बरं.”

दत्ताने खिशातून फोन काढला. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, मागचं झाकण रबराने बांधलेलं, आवाजाचं बटण गायब. आमच्या केंद्रातलं सर्वांत जुनं यंत्र!

“हे काय रे?”

“घ्यायचा हाय ना अण्णा,” दत्ता मनापासून म्हणाला. “पण आत्ता घेतला अन् पुढच्या महिन्यात नवा आला तर?”

सहा वर्षं तो पुढच्या महिन्यासाठी थांबला आहे. अर्थात हेही नोंदवते की त्याच फोनवर त्याने साठ-सत्तर शेतकऱ्यांना हळद कधी शिजवायची, कधी उलटायची हे वेळेवर कळवलं आहे आणि एकाही शेताचा निरोप चुकलेला नाही.

* * *

यंदाच्या हंगामात एक विक्रेता नवा टॅबलेट घेऊन आला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं त्याहून इस्त्रीचं. संचालक मंडळ बसलं होतं. त्याने सांगितलं, की यात आमचं अ‍ॅप आहे. हळदीचा फोटो काढा, अ‍ॅप स्वतः दर्जा सांगेल. जुन्या टॅबलेटवर ते चालणार नाही, म्हणून टॅबलेट बदलावा लागेल. पण त्यानंतर, तो हसून म्हणाला, “तुम्हाला ग्रेडर लागणारच नाही!”

नेमक्या त्याच वेळी मावशी नमुन्यांचं ताट घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, कडा सरळ केली आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

विक्रेता बोलत राहिला. बॅटरी, वेग, कॅमेरा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “उन्हात दिसतंय का?”

“हो सर, एकदम ब्राइट!”

“चला.”

मार्चच्या दुपारी वाळवणीच्या ओट्यावर ते त्याला घेऊन गेले. हळद पसरलेली, फरशी तापलेली. विक्रेत्याने फोटो काढला. दुसरा काढला. तिसऱ्या फोटोला पडद्यावर इशारा आला की यंत्र फार तापलं आहे, आणि पडदा काळा झाला. आमचा जुना टॅबलेट त्या वेळी शेडमध्ये माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवलेला होता. मावशींची ती पद्धतच आहे. दोन फोटो काढायचे, माठाखाली ठेवायचा; हळकुंडं मोडायची, पुन्हा काढायचा. चार उन्हाळे त्यात गेले, आमच्या टॅबलेटला ताप म्हणून आला नाही!

विक्रेता घाम पुसत म्हणाला, “सर, खरं तर हे इनडोअर डिव्हाइस आहे.”

अण्णा म्हणाले, “बराबर हाय. मंग हळद आता घरात पिकवतो!”

सगळे हसले. पण मंडळातले निम्मे लोक त्या अ‍ॅपने मोहून गेले होते, आणि यंत्र सावलीतही वापरता येतंच, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. शेवटी ठरलं की विक्रेत्याने ते यंत्र पंधरा दिवस वापरायला द्यावं, आणि टॅबलेट बदलायचा की नाही यावर मी पाडव्याच्या आधी लेखी शिफारस करावी.

त्या संध्याकाळी निघताना मावशी माझ्या दाराशी थांबल्या.

“म्याडम, एक विचारू? ते आलं, तर माझा पाट कुठं टाकायचा?”

मी म्हटलं, “अजून काही ठरलेलं नाही.” वाक्य अचूक होतं, पण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

* * *

शिफारस करायची तर पद्धतशीर, असा माझा स्वभाव. मी तक्ता केला. बाजारातले आठ टॅबलेट, अकरा निकष, प्रत्येक निकषाला वेगळं वजन. कॅमेऱ्याचं वजन किती आणि बॅटरीचं किती, यावर मी स्वतःशी तीन दिवस वाद घातला. धूळ सहन करण्याची क्षमता कशी मोजावी, याची तळटीप दिली. चौथ्या दिवशी तक्ता पूर्ण झाला आणि मी तो जरा अभिमानानेच अण्णांपुढे ठेवला.

अण्णांनी तो दत्ताकडे सरकवला. दत्ताने पेन घेतलं आणि शांतपणे तीन नावांवर काट मारली.

“काय झालं?”

“हे तीन बंद झाले म्याडम. कंपनीनं बनवायचे सोडले.”

“कधी?”

“हे दोन गेल्या महिन्यात. अन् हा…” त्याने फुटका फोन पाहिला. “हा परवा.”

मावशी दाराशी हळकुंडं निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “म्याडम तक्ता लिहून राहिल्या, तवर ते म्हातारं होऊन मेलं बी!”

तक्ता मी फाडला नाही. तो अहवालाला जोडला आहे. चूक झाली ती कशी झाली हेही वाचणाऱ्याला कळावं.

* * *

त्याच सुमारास आपला जुना टॅबलेट रुसला. चार्ज होईना. मंडळातले अ‍ॅपवाले म्हणाले, “बघा, त्याचंच म्हणणं आहे, मला सोडा आता!” मलाही क्षणभर तसं वाटलं. मी तो हिंगोलीला सलीमभाईंकडे घेऊन गेले. बाजारातल्या एका बोळात त्यांचं खोलीएवढं दुकान आहे. पुढे काचेच्या कपाटात नवे टॅबलेट विकायला ठेवलेले असतात आणि मागे जुने दुरुस्त होत असतात.

सलीमभाईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि चार्जिंगच्या भोकातून लाकडी काडीने हळूहळू काहीतरी कोरून कागदावर काढलं. पिवळी गुठळी. चिमूटभर तरी असेल. हुंगली.

“मॅडम, इसको बीमारी नै है,” ते गंभीरपणे म्हणाले. “इसको हल्दी लगी है. शादी कब है?”

हळद निघाल्यावर टॅबलेट चार्ज होऊ लागला. बॅटरी मात्र थकलेली होती, ती त्यांनी बदलून दिली आणि म्हणाले, “अब दो साल हंसते हंसते चलेगा.”

मी विचारलं, “पण खरं सांगा, नवा घ्यावा का? रोज नवनवे येतायत.”

सलीमभाईंनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, मैं नया बेचता हूँ. मेरेसे क्या पूछते? जिसका काम है उसको पूछो!”

ज्याला त्या कपाटातला एक टॅबलेट सहज विकता आला असता, त्याने हे सांगितलं. मी ते अहवालात साक्ष म्हणून घेतलं नाही, कारण त्यांनी साक्ष द्यायलाच नकार दिला होता. पण परतीच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं की ज्याचं काम आहे त्या व्यक्तीला मी अजून काहीच विचारलं नव्हतं.

* * *

पंधरा दिवसांसाठी आलेला नवा टॅबलेट दत्ताच्या हाती होता. सावलीत तो सुरेख चालला, हे मान्यच केलं पाहिजे. फोटो असे, की हळद नुकतीच सोन्यात बुडवून काढली आहे! एक पोतं साफ बिघडलेलं होतं. जास्त शिजलेलं, आत मळकट. त्याचा फोटोही झळाळत होता. दत्ता हरखला. “मावशी, बघा तर!”

मावशींनी फोटो पाहिला, पोत्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

“चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “पण ही आपल्याकडं आलीच न्हाई. कुणाची हाय ही?”

नव्या चिठ्ठ्याही छापून यायला लागल्या होत्या. शेवटची ओळ, “प्रतवारी: सिस्टीम”. दुसऱ्याच दिवशी तांड्यावरचे एक आजोबा चिठ्ठी हातात नाचवत आले. त्यांच्या हळदीला मध्यम दर्जा मिळाला होता.

“ह्या सिस्टीमबाई कुठं बसतात?” त्यांनी विचारलं.

दत्ताने समजावलं की ते यंत्र आहे, फोटोवरून ठरवतं.

“ते समजलं रे. पण भांडायचं कुणासंगं? गंगाबाईनं कमी लिवलं तर मी तिच्यापुढं बसतो. ती मोडून दाखवती. मलाच दिसतं, मी गप घरी जातो. ह्याच्यापुढं बसून काय करू?”

मावशी उठल्या, आजोबांच्या पोत्यातली तीन हळकुंडं घेतली, एकेक करून मोडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. आजोबांनी बराच वेळ पाहिलं.

“मध्यमच हाय,” ते म्हणाले आणि गप घरी गेले!

अ‍ॅपचा दर्जा बरोबर होता, हे मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं. मग थोड्या वेळाने त्याखाली आजोबांचा प्रश्नही लिहिला.

* * *

जेवणाच्या सुट्टीत दत्ताला खोडी सुचली. मावशींनी डबा उघडला होता. भाकरी, मिरची आणि झुणका. दत्ताने नवा टॅबलेट झुणक्यावर धरला आणि फोटो काढला.

पडद्यावर एक चाक फिरलं आणि उत्तर आलं, “हळद. उत्तम दर्जा. खात्री ब्याण्णव टक्के.”

आम्ही सगळे हसून लोळलो. मीसुद्धा! अण्णांना ठसका लागला. दत्ता म्हणाला, “गेलं हे यंत्र! झुणक्याला हळद म्हणतं!”

फक्त मावशींनी यंत्राची बाजू घेतली. “हसता काहून रे त्याला? झुणक्यात आपलीच हळद हाय. उत्तमच हाय ती. खोटं कुठं बोललं ते?”

आणि पुढे झुणक्याचा घास मोडत, काहीशा स्वतःशीच, “लेकरू हाय ते. कुणी शिकवलं न्हाई त्याला अजून.”

ज्या यंत्रामुळे आपला पाट उचलला जाणार आहे, त्याच्याबद्दल हे वाक्य बोलणारी व्यक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

* * *

शेवटच्या दोन दिवसांत मी चाचणी ठेवली. पोत्यांतले वीस नमुने, खाकी पाकिटांत, वर फक्त क्रमांक. शेतकऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. एकीकडे अ‍ॅप, एकीकडे मावशी. खरं-खोटं ठरवायला माझी प्रयोगशाळा. अण्णा साक्षीदार.

यात मी एक छुपी तपासणीही ठेवली होती. आमच्या शास्त्रात ती रीतच आहे. चौथ्या आणि सतराव्या पाकिटात मी एकाच पोत्यातली हळद भरली होती. तपासणारा खरोखर तपासतो आहे की अंदाजे बोलतो आहे, हे त्यातून कळतं. याची कल्पना मी अण्णांनाही दिली नव्हती.

मावशी पाटावर बसल्या. हळकुंड कानाजवळ धरायचं, मोडायचं, आवाज ऐकायचा. नीट वाळलेलं हळकुंड खट्टकन मोडतं, ओलसर असेल तर नुसतं दबतं. मग आत पाहायचं, मग हुंगायचं. एकेक पाकीट पुढे सरकत होतं. त्या दर्जा सांगत होत्या, मी लिहीत होते.

एक गोष्ट मला लिहिता लिहिता दिसली. ती मी अहवालात घेतली नाही, कारण माझ्या तक्त्यात तिला रकाना नव्हता. मावशींचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते. दोन्ही. दहाच्या दहा बोटं.

सतरावं पाकीट आलं. मावशींनी हळकुंड मोडलं, पाहिलं, हुंगलं. थांबल्या. पुन्हा हुंगलं.

“म्याडम, ही अन् मघाची चार नंबरची, एकाच पोत्यातली.”

मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला. “दर्जा सांगा, मावशी.”

“दर्जा तोच, उत्तम. पण ही दोन-तीन दिस तुमच्या कपाटात होती. डांबरगोळ्यांपाशी.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कपाट माझं होतं, डांबरगोळ्या माझ्या होत्या. अ‍ॅपने चार नंबरला उत्तम आणि सतरा नंबरला मध्यम दिला होता.

“म्याडम,” अण्णा अगदी आदराने म्हणाले, “परीक्षा कुणाची चालू हाय?”

* * *

अहवाल मी नऊ पानी लिहिला. बाहेरचा आकार आणि स्वच्छता पाहण्यात अ‍ॅप मावशींपेक्षा सरस ठरलं, हे त्यात पहिल्याच पानावर आहे. मावशींचे त्या बाबतीत दोन नमुने चुकले, अ‍ॅपचा एकही नाही. आत कमी शिजलेली हळद मावशींनी प्रत्येक वेळी पकडली, अ‍ॅपने ती प्रत्येक वेळी उत्तम ठरवली, हेही त्याच पानावर आहे. खरेदीदाराला हळद आतूनच वापरायची असते. जुना टॅबलेट फोटो काढतो, चिठ्ठी छापतो, आणि रंग आहे तसा दाखवतो. तो बदलण्याचं कारण मला सापडलं नाही. नवं येतं म्हणून जुनं अपुरं होत नाही, ते कामाला अपुरं पडलं तरच अपुरं, असं एक वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मंडळाची बैठक झाली. मावशी बाहेर शेडमध्ये होत्या. मी सहाव्या पानावर पोचले तेव्हा अण्णांनी हात वर केला.

“म्याडम, एका शब्दात सांगा. घ्यायचा का न्हाई?”

“सध्या नको.”

“हे दोन शब्द झाले. ‘सध्या’ म्हंजी कवापर्यंत?”

मी जपून म्हटलं, “यापेक्षा चांगलं मॉडेल येईपर्यंत.”

मागून दत्ता उत्साहाने उठला, “आलं बी म्याडम! आज सकाळीच आलं!”

हसण्यातच ठराव मंजूर झाला. अण्णांनी स्वतः एक ओळ वाढवायला लावली. पुढे कधी अ‍ॅप घेतलंच, तर आधी एक हंगाम ते गंगाबाईंच्या हाताखाली राहील, आणि चिठ्ठीवर नाव त्यांचंच राहील.

मी बाहेर जाऊन मावशींना सांगितलं. टॅबलेट तोच राहणार, पाट तिथंच राहणार. मला वाटलं होतं त्या काही बोलतील.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पुढचं हळकुंड कानाशी नेलं.

* * *

पाडव्याची सुट्टी झाल्यावर मी जरा लवकरच केंद्रावर गेले. पाटावर मावशी नव्हत्या. पोती तशीच होती. शेडमागे वाळवणीच्या ओट्यावर त्या बसल्या होत्या. शेजारी पिळलेलं अर्धं लिंबू. डाव्या हाताची चार बोटं मुडपलेली, एक उन्हात.

“काय करून राहिल्या, मावशी?”

“काही न्हाई. ऊन घेऊन राहिले.”

तेवढ्यात दत्ता माठाखालचा टॅबलेट घेऊन आला. मागे शेतकऱ्यांची रांग लागली होती. “मावशी, चला ना! फोटो काढायचे न्हाईत का?”

मावशींनी करंगळी उलटी केली आणि पुन्हा उन्हात धरली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “एक बाजू राह्यली.”